वाटीभर म्हणजे किती ग्रॅम

अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहात सुंदराबाईनं एकोणतीस वर्षं स्वयंपाक केला, आणि एवढ्या वर्षांत तिच्या पंगतीला भात कधी कमी पडला नाही. तिचं माप म्हणजे तेलाचा एक रिकामा डबा. तो तांदळात खुपसायचा, वरून हातानं दाबायचा, जमिनीवर दोनदा ठोकायचा आणि वर शीग लावायची. असे चार डबे म्हणजे शंभर पोरी जेवल्या. मीठ मुठीनं, तिखट डावानं, हळद चिमटीनं. नवीन रेक्टर आल्या की पहिल्या आठवड्यात काटा आणायची भाषा करायच्या, दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातचं वरण खाऊन गप्प बसायच्या.

सुंदराबाई निवृत्त होऊन मुलाकडे, नागसेनकडे राहायला आली तेव्हा घरचा स्वयंपाक आपसूक तिच्याकडे आला. नागसेन वीज कंपनीत लाइनमन, सून दीपमाला शाळेत शिक्षिका, आणि नात आचल अकरा वर्षांची. घरात चार माणसं. सुंदराबाईला वाटायचं, हा काय स्वयंपाक, ही तर भातुकली.

फेब्रुवारीत आचलला तहान लागायला लागली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि तरी ओठ कोरडे. महिन्याभरात अंगावरचा फ्रॉक सैल झाला. एके दिवशी ती शाळेतून आली आणि चपला न काढता दारातच झोपली. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर पाचशेच्या वर. डॉक्टरांनी नागसेनला आणि दीपमालाला समोर बसवून सांगितलं, की हा म्हाताऱ्या माणसांना होतो तो डायबिटीस नाही, आणि गोड खाऊनही झालेला नाही. पोरीच्या शरीरानं इन्सुलिन करणंच थांबवलं आहे. ते आता रोज बाहेरून द्यायचं, चार वेळा, आणि जेवण त्या मापात बसवायचं. असं केलं तर ती शिकेल, खेळेल, नोकरी करेल, सगळं करेल.

"मापात म्हणजे?" दीपमालानं विचारलं.

ते सांगायला प्रतीक्षा मॅडम आल्या. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ, वय तीसच्या आत. त्यांनी कागद दिला. दुपारच्या जेवणात ज्वारीचं पीठ साठ ग्रॅम, तुरीची डाळ तीस ग्रॅम, असं सगळं लिहिलेलं.

सुंदराबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, एक भाकर द्या, असं सरळ सांगा ना. साठ ग्रॅम काय असते?"

"आजी, तुमची एक भाकर आणि माझी एक भाकर सारखी नसते."

"तुमाले भाकर येते काय?"

प्रतीक्षा मॅडम हसल्या. "नाही येत."

सुंदराबाईच्या लेखी तिथेच निकाल लागला.

नागसेननं वजनकाटा आणला. पांढरा, वहीएवढा, हिरव्या आकड्यांचा. पहिले आठ-दहा दिवस दीपमाला सगळं त्यावर मोजायची. पण सकाळची घाई. आचलची शाळा सातची, दीपमालाची साडेदहाची, नागसेनची कधीचीही. मग दीपमालानं एक सोय काढली. तिनं एकदा वाटीभर पीठ काट्यावर ठेवून पाहिलं, ऐंशी ग्रॅम भरलं. म्हणजे साठ ग्रॅमला पाऊण वाटी. "आई, एका भाकरीले पाऊण वाटी पीठ," तिनं सासूला सांगितलं, आणि काटा फडताळावर गेला. सुंदराबाईला बरंच वाटलं. वाटी ही समजणारी गोष्ट होती.

आचल बाराला घरी यायची. बोटाला टोचून साखर बघायची, पोटाला सुई लावायची, तीही स्वतः, ओठ घट्ट मिटून. सुंदराबाई फक्त डोसाचा आकडा नीट आहे का बघायची आणि मग गरम भाकर वाढायची. नात जेवायला लागली की तिला वाटायचं, बरं आहे, पोरीच्या अंगावर मांस यायला लागलं.

पण रोजची साखर लिहायच्या वहीतले आकडे काही बरं म्हणेनात. जून संपला, जुलै लागला. दुपारनंतर साखर कधी दोनशे नव्वद, कधी तीनशे दहा. डॉक्टरांनी एका शनिवारी सांगितलं, सोमवारपासून दुपारचा डोस दोन युनिट वाढवा. रविवारी दीपमाला वही घेऊन बसली होती. तिनं पानं पुढे उलटली, मागे उलटली, आणि सासूकडे न बघता म्हणाली,

"आई, रविवारी मी सैपाक करते तवा बरोबर राहते. सोमवार ते शनिवार चढते."

"मंग?"

"तुमी वरून काही देता काय तिले? गूळ गिळ?"

सुंदराबाई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "म्या माह्या नातीले जहर चारून राहिली काय?"

"तसं नाही म्हणत मी."

"तसंच म्हणून राहिली तू."

आचल दाराशी उभी राहून ऐकत होती. नागसेन खांबावर चढायला शिकलेला माणूस, पण या दोन बायांच्या मध्ये शिरायची त्याची हिंमत झाली नाही.

सोमवारी सुंदराबाईनं पाऊण वाटीही घेतली नाही. म्हणते ना जास्त चारते, मग घे. अर्ध्या वाटीची भाकर थापली, पातळ, कागदासारखी. आचलनं ती खाल्ली, सुई आधीच लागली होती, वाढवलेल्या डोसाची. साडेतीनच्या सुमारास शिकवणीच्या वर्गात तिचा हात थरथरायला लागला. कपाळावर घाम, आणि सरांनी विचारलेलं तिला कळेना. बाजूच्या मुलीला माहीत होतं, तिनं आचलच्या दप्तरातला ग्लुकोजचा डबा काढून तिला पाजलं. मशीननं बावन्न दाखवलं. नागसेन मोटारसायकलवर जाऊन तिला घेऊन आला तेव्हा ती शुद्धीवर होती, हसत होती, पण चेहरा पांढराफटक.

"आजी, मले काही नाही झालं," ती घरात येऊन आधी सुंदराबाईकडे गेली.

सुंदराबाई त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं. सुंदराबाईनं स्टूल लावून फडताळावरचा काटा खाली काढला. बटण दाबलं तसे हिरवे आकडे उगवले. त्यावर रिकामी वाटी ठेवली, पुन्हा बटण दाबलं, आकडा शून्य झाला. एवढं तिनं दीपमालाला करताना पाहिलं होतं. मग तिनं नेहमीसारखी वाटी पिठात खुपसली, दाबली, ओट्यावर ठोकली आणि ठेवली.

एकशे बारा.

तिला वाटलं काटा बिघडला. पुन्हा भरली. एकशे सहा. पुन्हा भरली, एकशे नऊ. मग तिनं दीपमाला करते तसं केलं. चमच्यानं पीठ हलकेच वाटीत सोडलं आणि वरून बोटानं सपाट केलं. एकोणऐंशी. चाळून सोडलं तर त्र्याहत्तर.

वाटी तीच. पीठ तेच. डब्यातलं ते ज्वारीचं पीठ, ओटा, ती, काहीच बदललं नव्हतं, आणि एका वाटीत कधी त्र्याहत्तर ग्रॅम होते तर कधी एकशे बारा. सुंदराबाई खाली बसली. वसतिगृहात दाबून, ठोकून, शीग लावून भरायची ती सवय हाताला लागली होती, कारण कोणतीच पोरगी उपाशी राहू नये. पण शंभर पोरींच्या भातात दोन मुठी इकडे-तिकडे झाल्या तर त्या शंभर ताटांत वाटल्या जातात, कुणाला कळत नाही. इथे ताट एकच होतं. जे काय चुकत होतं ते सगळं त्या एका पोरीच्या अंगात जात होतं.

संध्याकाळी दीपमाला पर्स ठेवत होती तोच सुंदराबाई म्हणाली, "इकडे ये. हे पाह्य."

तिनं सुनेसमोर तीच वाटी दोन्ही तऱ्हेनं भरून दाखवली. दीपमाला आकड्यांकडे बघत राहिली. "माय व. माह्या पाऊण वाटीचे साठ, अन् तुमच्या पाऊण वाटीचे चौऱ्यांशी."

"चूक माही होती."

"नाही आई. म्या एकदाच मोजलं अन् तुमाले वाटी हातात देऊन मोकळी झाली. कशी भरायची ते सांगतलंच नाही." तिनं वाटीतलं पीठ डब्यात परत ओतलं. "अन् त्या गुळाचं मी बोलाले नाही पाह्यजे होतं."

दीपमालानं तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोस पहिल्यासारखा करायला सांगितला आणि पुढच्या चार दिवसांचे आकडे कळवा म्हणाले. त्या चार दिवसांत साखर एकदाही दोनशेवर गेली नाही.

आता सुंदराबाईला चैन पडेना. ज्वारीचं झालं, पण घरात काय फक्त ज्वारी असते? आचल शाळेतून आली, जेवली, की आजी-नात काटा मधे घेऊन बसायच्या. आजी भरायची, नात एका नव्या वहीत लिहायची. ठरलं असं, की वाटी एकच, न दाबता, न ठोकता भरायची, वरून बोट फिरवून सपाट करायची, आणि प्रत्येक जिन्नस तीनदा मोजायचा. तुरीची डाळ एकशे पंचवीस. तांदूळ एकशे सव्वीस. रवा शंभराच्या वर. पोहे मात्र नुसते पंचेचाळीस.

"पाह्य बरं," सुंदराबाई म्हणाली, "पोहे दिसतात वाटीभर अन् वजन तोळाभर. म्हणून मी म्हणत होती, पोह्यानं पोट भरत नाही."

भाकरीनं मात्र दोघींना अडवलं. शिजलेली भाकर काट्यावर ठेवली तर आकडा भलताच, कारण त्यात पाणी. किती पाणी हे ज्वारी ठरवणार, नवी की जुनी, आणि दळण कसं आलं ते. दोन दिवस आचल वहीवर खाडाखोड करत होती. मग सुंदराबाईलाच सुचलं.

"आपल्याले पाणी मोजाचं काही काम नाही. पीठ मोज. तीनशे ग्रॅम घेतलं, पाह्यजे तेवढं पाणी टाकलं, मळलं, अन् त्या गोळ्याचे पाच सारखे वाटे केले. एका वाट्यात किती पीठ?"

"साठ!" आचल ओरडली. "पाणी किती का राहीना!"

पाच गोळे काट्यावर सारखे करून घेतले की झालं. सुंदराबाईच्या पाच भाकरी त्या दिवसापासून अशा उतरायला लागल्या, की नागसेन म्हणाला, "माय, छापखान्यातून आणल्या काय?"

ऑगस्टमध्ये आचलनं ती वही प्रतीक्षा मॅडमना दाखवली. त्या उभ्या-उभ्या वाचायला लागल्या आणि वाचता-वाचता बसल्या. त्यात आलू-पोहे होते, चकोल्या होत्या, झुणका होता, रोडगे होते. "आजी, मला हे द्याल? माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या आया हेच विचारतात. वाटीभर म्हणजे किती, मूठभर म्हणजे किती. माझा कागद ग्रॅममध्ये आणि त्यांचं घर वाटीत." मग त्यांनी कपाळाला आठी घातली. "पण एक अडचण आहे. ही तुमची वाटी. त्यांची वाटी वेगळी असणार."

सुंदराबाईला हे आधीच सुचून गेलं होतं. "पाण्यानं मोजाची. वाटी काठोकाठ पाण्यानं भरली, काट्यावर ठेवली. आमच्या वाटीत दीडशे ग्रॅम पाणी राह्यते. जिच्या वाटीत शंभर राहीन, तिनं आमच्या आकड्याचे तीन भाग कराचे, त्यातले दोन घ्याचे. दोनशेवालीनं वरून एक भाग चढवाचा."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आचल म्हणते याले त्रैराशिक म्हणतात. मी तर हे शंभराच्या जागी दीडशे पोरी आल्या की रोजच करत होती."

दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी दवाखान्यात अशा मुलांच्या आया जमायच्या. प्रतीक्षा मॅडमनी सगळ्यांना निरोप दिला, येताना घरची वाटी आणा. पिशव्यांतून पंधरा-वीस वाट्या निघाल्या, नाव कोरलेल्या, चेपलेल्या, एक पितळेची. सुंदराबाई ओळीनं पाणी भरून काट्यावर ठेवत गेली आणि आचल जिच्या-तिच्या कागदावर आकडा लिहीत गेली. मोर्शीकडच्या एका खेड्यातून चंदा नावाची बाई आली होती, तिची सहा वर्षांची मुलगी तिच्या पदराआड.

"मावशी, आमच्या घरी काटा नाही. पुढे काही नवीन मोजाचं झालं तर?"

"गावात किराण्यावाला हाये ना?"

"हाये. पण हातात वाटी घेऊन गेली तर हसंन तो."

"हसू दे. एका जिनसासाठी एकदाच जाचं हाये."

चंदा हसली. तिची मुलगी पदराबाहेर येऊन आचलच्या बोटांवरच्या टोचल्याच्या खुणा मोजायला लागली. "तू पण?" तिनं विचारलं. आचल म्हणाली, "हो, मी पण. दुखत नाही. थोडंसं दुखते."

डिसेंबरात अकोल्याहून सुंदराबाईच्या बहिणीचा, माणिकबाईचा फोन आला. नातवाचं, कुलदीपचं लग्न. सगळ्यांनी यायचंच. आचल उड्या मारायला लागली आणि दीपमालाला तिथल्या जेवणाची काळजी लागली. फेब्रुवारीपासून पोरगी बाहेर जेवली नव्हती. "डबा नेऊ आपला," ती म्हणाली. आचलचा चेहरा पडला. लग्नाच्या पंगतीत बसून स्टीलच्या डब्यातली भाकर खायची, आणि सगळ्या चुलत-मावस बहिणी बघणार. हे सुंदराबाईनं पाहिलं.

अकोल्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले, आणि माणसं जेवणाकडे वळली. आचल ताटं मांडलेल्या टेबलाशी जाऊन परत आली.

"आजी, बुंदीचे लाडू हायेत."

"खाचा काय?"

"चालंन काय?"

"विचारून येते," सुंदराबाई म्हणाली आणि पदर खोचून सरळ हॉलच्या मागे गेली, जिथे भट्ट्या पेटल्या होत्या. आचारी शेषराव, गळ्यात टॉवेल, कढईतली भजी उलटत होता.

"दादा, लाडवाले साखर किती घातली?"

शेषरावनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काहून? सामानाचा हिशोब घ्याले पाठवलं काय तुमाले?"

"नाही बापा. मी बी एकोणतीस वर्षं चुलीपुढेच होती. नातीले शुगर हाये, इन्सुलिनवाली. वजन समजलं तर लाडू देता येईन."

त्यानं झारा बाजूला ठेवला. आता तो कामाचं बोलायला लागला. "साखर दहा किलो. बेसन आठ."

"लाडू किती वळले?"

"पाचशे. दोन-चार कमी असतीन."

"पाक उरला काय?"

"पाक उरला तर तो आचारी कसला, बाई?"

सुंदराबाईनं तिथेच हिशोब मांडला. दहा किलोचे पाचशे, म्हणजे एका लाडवात वीस ग्रॅम साखर. बेसन सोळा ग्रॅम, त्यातलं पोटात गेल्यावर साखर होणारं, प्रतीक्षा मॅडमनी शिकवलं होतं तसं, अर्ध्याहून थोडं जास्त, नऊ धरा. एकूण तीसच्या आत. आचलच्या दुपारच्या डोसात साखर होणारे असे पासष्ट ग्रॅम बसत होते. लाडवाचे तीस, शंभर ग्रॅम भाताचे अठ्ठावीस, वाटीभर पातळ वरणाचे सात. पोळी नाही, भजी नाहीत.

दीपमालानं तो हिशोब पुन्हा एकदा स्वतः केला, फोनवर प्रतीक्षा मॅडमना वाचून दाखवला, आणि मग पर्समधून काटा काढला. बाजूच्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. "माय व, लग्नात काटा? जेवण किलोवर देऊन राहिले काय?"

"माह्या पोट्टीसाठी हाये," दीपमाला शांतपणे म्हणाली आणि भात मोजला.

आचलनं सुई लावली आणि बहिणींच्या ओळीत जाऊन बसली. लाडू तिनं शेवटाला ठेवला. एकेक कळी दाताखाली घेत ती इतका वेळ खात राहिली, की बहिणींची ताटं उचलून झाली तरी तिच्या हातात अर्धा लाडू होता. मधेच तिनं मान वर केली. आजी आणि आई दोघी समोर उभ्या राहून आपल्याकडेच बघताहेत हे तिला दिसलं. "असं पाहू नका ना," ती म्हणाली.

पुढचे दोन तास दीपमालानं घड्याळ किती वेळा पाहिलं त्याची मोजदाद नाही. दोन तासांनी आचलनं बोट पुढे केलं. मशीनवर आकडा यायला पाच सेकंद लागतात.

एकशे एक्कावन्न.

दीपमालानं सासूचा हात घट्ट धरला. बाहेर बँड सुरू झाला होता, कुलदीपचे मित्र नाचत होते.

"मी जाऊ नाचाले?" आचलनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पळाली.

"अव, नाचल्यानं शुगर कमी होते!" दीपमाला बिस्किटांचा पुडा शोधत उठली आणि साडीच्या निऱ्या सावरत तिच्या मागे गर्दीत शिरली. सुंदराबाई खुर्चीवर टेकली. आपण सकाळपासून जेवलोच नाही हे तिला आता आठवलं. शेषरावनं लांबूनच पाहिलं आणि गरम भजी घातलेलं ताट घेऊन तो स्वतः तिच्याकडे यायला निघाला.